आयजेमच्या टीमनो, या चुका टाळा: कॉलनी न येण्यापासून विकी अडकण्यापर्यंत

आयजेम ही सिंथेटिक बायॉलॉजीची, म्हणजे बॅक्टेरियासारख्या जिवांत नवा डीएनए घालून हवं ते काम करून घेण्याच्या शास्त्राची, जागतिक विद्यार्थी स्पर्धा 2004 साली एमआयटीत पाच टीमवर सुरू झाली. 2022 पासून तिचा जाम्बोरी, म्हणजे शेवटचा मेळावा, पॅरिसला भरतो. कागदावर काम वर्षभराचं असतं, पण आपल्याकडे एप्रिल-मे परीक्षांत जातात आणि विकी, म्हणजे टीमची प्रोजेक्टची वेबसाइट, ऑक्टोबरच्या पूर्वार्धात बदलांसाठी बंद होते. लॅबमध्ये हात लागायला उरतात जून ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाळा. या चार महिन्यांत टीम अडकते ती कल्पना कच्ची होती म्हणून क्वचितच. कंट्रोल (तुलनेसाठीचे प्रयोग) लावले नाहीत किंवा कॉलेजची कामं उशिरा सुरू केली, ही दोन कारणं जास्त दिसतात.

जीन मागवण्याआधी सीक्वेन्स तपासा

जीन बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने ई. कोलाय या बॅक्टेरियासाठी कोडॉन (अमिनो आम्ल सांगणारे तीन-तीन बेसचे गट) ऑप्टिमाइझ करून दिले की काम झालं, असा समज असतो. ऑप्टिमायझेशन करताना नको असलेल्या रिस्ट्रिक्शन साइट (एन्झाइम डीएनए कापतं त्या जागा) वेगळ्या सांगाव्या लागतात, नाहीतर त्या तशाच राहतात किंवा नव्या तयार होतात. जुन्या बायोब्रिक पद्धतीला (आरएफसी 10) इको-आर-वन, एक्सबीए-वन, एसपीई-वन, पीएसटी-वन आणि नॉट-वन या एन्झाइमच्या साइट पार्टच्या, म्हणजे जोडायच्या डीएनए तुकड्याच्या, आत चालत नाहीत. टाइप टू-एस पद्धतीला (आरएफसी 1000) बीएसए-वन आणि सॅप-वन चालत नाहीत. बीएसए-वनची साइट जीजीटीसीटीसी. ती डीएनएच्या समोरच्या धाग्यावर, म्हणजे जीएजीएसीसी अशीही शोधा. बहुतेक जण हेच विसरतात. सापडली तर आधी रीडिंग फ्रेम (तीन-तीन बेसचे गट कुठून सुरू होतात ते) बघा. जीजीटी-सीटीसी अशी फ्रेम असेल तर ते ग्लायसिन-ल्युसिन होतं. सीटीसीच्या जागी सीटीजी केलं की साइट जाते, ल्युसिन तसंच राहतं. हे काम पाच मिनिटांचं आहे. जीन हातात आल्यावर लक्षात आलं तर पुन्हा ऑर्डर आणि आणखी काही आठवडे.

प्लेटवर काहीच आलं नाही

डीएनए सेल्समध्ये घालून प्लेटवर पसरला आणि एकही कॉलनी (बॅक्टेरियाचा ठिपका) आली नाही: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पहिली प्रतिक्रिया असते, 'लिगेशन पुन्हा लावू', म्हणजे डीएनएचे तुकडे पुन्हा जोडू. लावू नका. आधी चार प्लेट लावा:

1. ओळखीचं अखंड प्लाझ्मिड (बॅक्टेरियातला गोल डीएनए), उदाहरणार्थ 1 नॅनोग्रॅम पीयूसी 19, अँपिसिलिनच्या प्लेटवर
2. डीएनए न घातलेल्या सेल्स, तुमच्या अँटिबायोटिकवर
3. त्याच सेल्स, अँटिबायोटिक नसलेल्या प्लेटवर
4. कापलेला व्हेक्टर (वाहक प्लाझ्मिड) आणि लायगेज (जोडणारं एन्झाइम), इन्सर्ट (त्यात घालायचा तुकडा) नाही

तिसऱ्या प्लेटवर गच्च थर आला नाही तर सेल्सच मेल्या आहेत. दुसरीवर वाढ दिसली तर अँटिबायोटिकमध्ये गडबड आहे. चौथीवर मुख्य प्लेटइतक्याच कॉलनी असतील, तर तुम्ही मोजताय ते पुन्हा जुळलेले किंवा न कापलेले व्हेक्टर. आणि पहिलीवर काही नसेल तर लिगेशनबद्दल बोलण्यातच अर्थ नाही.

पहिल्या प्लेटवरून सेल्सची क्षमता काढा. समजा 1 नॅनोग्रॅम डीएनए घातला, रिकव्हरीनंतर (डीएनए घातल्यावर सेल्सना सावरायला दिलेला वेळ) एकूण 1 मिलिलिटर झालं, त्यातलं 100 मायक्रोलिटर पसरलं आणि 200 कॉलनी आल्या. म्हणजे प्लेटवर 0.1 नॅनोग्रॅम गेला. दर मायक्रोग्रॅमला हिशेब होतो 20 लाख कॉलनी. अखंड प्लाझ्मिड सेल्समध्ये घालायला हे चालतं, लिगेशनला तोकडं पडतं; तिथे 1 कोटीच्या वर हवं. पॅकेटवरचा आकडा बघू नका. उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर एकदा बंद पडून पुन्हा चालू झाला असेल, तर त्या आकड्याला काही अर्थ उरलेला नसतो. अशा सेल्स दिसायला अगदी ठणठणीत असतात, प्रॉब्लेम तोच आहे.

एक चूक वारंवार होते: पीएसबी-1-सी-3 या प्लाझ्मिडमध्ये काम चालू असतं, सगळ्या प्लेट क्लोरॅम्फेनिकॉलच्या असतात आणि पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून पीयूसी 19 त्याच प्लेटवर पसरतात. पीयूसी 19 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलचा रेझिस्टन्सच (त्या अँटिबायोटिकमध्ये तगण्याची क्षमता) नाही. प्लेट कोरी राहते आणि दोन दिवस सेल्सना दोष देण्यात जातात.

क्लोरॅम्फेनिकॉल पाण्यात 25 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर विरघळत नाही. स्टॉक इथेनॉलमध्येच करा. 250 मिलिलिटर अगारला (प्लेटमधली जेली) 250 मायक्रोलिटर घातलं की 25 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होतं. अगार 50 ते 55 अंशांपर्यंत उतरल्यावरच घाला. बाटली हातात धरवेल इतकी कोमट व्हायला हवी. फार गरम अगारात अँपिसिलिन तर हमखास खराब होतं. अँपिसिलिनच्या प्लेट 16 ते 18 तासांपलीकडे ठेवल्या तर मोठ्या कॉलनीभोवती बारीक कॉलनींचं कडं उगवतं. ते सॅटेलाइट, उचलू नका. आणि क्लोरॅम्फेनिकॉल किंवा कॅनामायसिन असेल तर 37 अंशांवरची तासाभराची रिकव्हरी टाळू नका, रेझिस्टन्सचं प्रोटीन तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. अँपिसिलिनला ती टाळली तर एक वेळ खपतं.

पावसाळ्यात प्लेटवर बुरशी येते आणि दोष अँटिबायोटिकला मिळतो. ते बॅक्टेरियावर चालतं, बुरशीवर नाही. झाकण किंचित उघडं ठेवून प्लेट 37 अंशांवर 15-20 मिनिटं सुकवा, मग उलटी ठेवा.

लिगेशनमधलं

डीएनएचं प्रमाण नॅनोग्रॅममध्ये नाही, रेणूंमध्ये मोजायचं. 2000 बेसचा व्हेक्टर 50 नॅनोग्रॅम आणि 1000 बेसचं इन्सर्ट तिपटीने हवं, तर 75 नॅनोग्रॅम लागेल. लायगेजच्या बफरमधला एटीपी (लायगेजला ऊर्जा देणारा रेणू) वारंवार गोठवून-वितळवून खराब होतो. आल्या दिवशीच 10-10 मायक्रोलिटरच्या ट्यूब भरून ठेवा. जेलमधून काढलेल्या डीएनएचा 260/230 (शुद्धता सांगणारं प्रकाशशोषणाचं गुणोत्तर) फार कमी असेल तर मीठ राहिलंय, इथेनॉलचा वास येत असेल तर शुद्धीकरणाचा कॉलम रिकामा फिरवायचा राहिलाय. दोन्ही लिगेशनला मारक.

कॉलनी पीसीआरवर (कॉलनीतल्या डीएनएच्या प्रती वाढवून आकार बघणं) योग्य आकाराचा बँड दिसला म्हणजे सीक्वेन्स बरोबर, असं नाही. सँगर पद्धतीने सीक्वेन्स वाचताना एका रीडमध्ये सुरुवातीचे 30-50 बेस वाचता येत नाहीत, म्हणून प्रायमर (वाचन जिथून सुरू होतं तो छोटा डीएनए तुकडा) जोडणीपासून थोडा दूर ठेवा.

मोजमाप

जीएफपीचा (हिरवं चमकणारं प्रोटीन) आलेख छान दिसतो आणि जजचा पहिला प्रश्न असतो: तुलना कशाशी? नुसतं एलबी (बॅक्टेरिया वाढवायचं द्रव) हा कंट्रोल नव्हे, एलबी स्वतःच हिरवट चमकतं. त्याच प्लाझ्मिडच्या, पण जीएफपी नसलेल्या सेल्स लागतात. फ्लुरोसन्स (चमक) ओडीने (कल्चरची दाटी) भागण्याआधी दोन्हींतून आपापला ब्लँक (सेल्स नसलेल्या द्रवाचं मोजमाप) वजा करा. प्लेट रीडरमध्ये 200 मायक्रोलिटरची उंची एक सेंटिमीटर नसते, त्यामुळे तिथला ओडी क्युव्हेटच्या (एक सेंटिमीटर रुंद मापन-नळी) ओडीशी थेट जुळत नाही. फ्लुरोसीन आणि सिलिका बीड्सने कॅलिब्रेट केलं की आकडे दुसऱ्या टीमला वापरता येतात. प्लेट रीडरमधल्या एकाच कल्चरच्या तीन विहिरी (खाचा) म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या कॉलनी घ्या.

कॉलेजकडून होणारा उशीर

संस्थेची जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, रोज बसत नाही. ई. कोलायच्या के-12 जातीवरचं साधं काम असलं तरी गाइडच्या नावाने समितीला उद्देश आणि प्रयोगाचा आराखडा कळवा. जीन मागवून मग कळवणं म्हणजे वरातीमागून घोडं. इंडेंट, तीन कोटेशन, परचेस ऑर्डर या साखळीला आठवडे जातात, त्यामुळे एन्झाइमची यादी परीक्षेआधीच द्या. एन्झाइमचं पार्सल शुक्रवारी संध्याकाळी आलं आणि स्टोअरमध्ये सोमवारपर्यंत पडून राहिलं, तर बर्फ वितळून गेलेला असतो. डिलिव्हरी सोमवार ते बुधवार मागा आणि स्टोअरच्या माणसाकडे टीममधल्या एकाचा नंबर द्या.

अॅट्रिब्युशनचं (कोणी काय केलं याचं) पान शेवटच्या रात्री भरलं की लॅब असिस्टंट, मदत केलेले सीनियर, उधार प्लाझ्मिड दिलेली लॅब, सगळे सुटतात. ब्राँझ मेडललाही हे पान लागतं. जूनपासून एका शीटमध्ये नोंद ठेवा: कोण, काय, कधी.

विकीवरची चित्रं आयजेमच्याच सर्व्हरवर हवीत. बाहेरची लिंक चालत नाही. आधी एक कोरं पान सप्टेंबरमध्येच गिटलॅबवर (विकीच्या फाइल ठेवतात ती साइट) चढवून बिल्ड नीट होतं का, म्हणजे पान तयार होऊन दिसतं का, बघा. अंतिम वेळ कोणत्या टाइमझोनची आहे तेही त्याच दिवशी तपासा आणि भारतीय वेळेत लिहून लॅबच्या दारावर चिकटवा.

जाम्बोरीहून परत आल्यावर प्रत्येक बांधणीचा, म्हणजे तयार केलेलं प्लाझ्मिड असलेल्या सेल्सचा, ग्लिसरॉल स्टॉक करा: रात्रभराचं कल्चर 500 मायक्रोलिटर, 50 टक्के ग्लिसरॉल 500 मायक्रोलिटर, उणे ऐंशीला. ट्यूबवर 'पार्ट 3' लिहू नका. प्लाझ्मिड, सेलची जात, अँटिबायोटिक आणि तारीख लिहा, कारण ती ट्यूब पुढच्या वर्षीची टीम उघडणार आहे.