गोणीतून आलेली येझदी जुळवताना

मामांची १९७९ ची येझदी मोटरसायकल माझ्या दारात आली ती छोटा हत्ती टेम्पोतून. खताच्या तीन गोण्या, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि सुतळीनं आवळलेली चेसिस. कुणा मेकॅनिकनं इंजिन खोललं, पार्ट मिळेनात म्हणून ठेवून दिलं, पुढं त्यानं धंदाच बदलला. मधे अठरा वर्षं गेली. मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. माग रोज खोलतो, रोज जुळवतो, तेव्हा "तुला काय अवघड आहे" असं मामा म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

अवघड होतं. स्वतः खोललेली मशीन हाताच्या लक्षात असते. कुठला वॉशर कुठून निघाला हे डोकं विसरलं तरी बोटं विसरत नाहीत. दुसऱ्यानं खोललेल्या गाडीत तो आधार नसतो. बरं, गोणीत काय नाही ते लवकर कळतं. पण गोणीत जे आहे ते ह्याच गाडीचं आहे का, हे मात्र बसवायला गेल्यावरच कळतं.

म्हणून आधी पाना उचलू नका. जुनी चादर अंथरा आणि सगळं तिच्यावर मांडा: इंजिन, गिअर, क्लच, डायनामो, चाकं अशा राशी करून. इंजिन आणि चेसिसचा नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. नंबर जुळत नसेल तर तिथंच थांबा आणि आधी कागदांचं बघा. गाडीला पंधरा वर्षं होऊन गेल्यावर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेच, त्यात नंबरचा घोळ म्हणजे आरटीओच्या खेपाच खेपा.

माझ्या चादरीवर क्लचची दोन कव्हरं निघाली, दोन्ही थोडी वेगळी. कारण सरळ आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनायची, १९७३ पासून तिथंच येझदी नाव लागलं, पुढं येझदीचंच रोडकिंग मॉडेल आलं, आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. सगळी एकाच घरातली भावंडं, चेहरा सारखाच. कारखाना बंद झाल्यावर ज्याला जो पार्ट मिळाला तो त्यानं ठोकून बसवला. म्हणून प्रत्येक पार्ट तेल न लावता, पॅकिंग न घालता, नुसता हातानं बसवून बघायचा. बोल्ट बोटांनी चार-पाच आटे गेलाच पाहिजे. ही गाडी मुळात चेक बनावटीची, त्यामुळे आटे मेट्रिक. जुन्या बुलेटचे इंची बोल्ट त्यात पाना लावून घुसवले तर ॲल्युमिनियमचे आटे मरतात. माझ्या इंजिनाच्या केसिंगचे दोन असेच मेलेले होते. ते भरून नवे आटे पाडून घेतले.

ह्या मांडामांडीत माझे तीन रविवार गेले. शेजाऱ्यांना वाटलं मी भंगाराचा धंदा काढला.

आता क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली जाण्याचं फिरणं करणारा इंजिनातला दांडा. कनेक्टिंग रॉड सरळ उभा धरा आणि वर-खाली ओढून बघा. वर-खाली अजिबात खेळ नको. बाजूला किंचित हलला तर चालतं. माझा वर-खाली टकटक वाजत होता, म्हणजे नवा रॉड किट. क्रँक दाबानं जोडलेली असते, घरी हातोड्यानं करायचं काम नव्हे. मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेली. तिथं क्रँक जुळवून झाल्यावर दोन सेंटरमध्ये धरून डायल लावून दाखवा, असं सांगायला लाजू नका. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. जास्त हलला तर पुढं सगळं नवं घालूनही गाडी हँडलला झिणझिण्या आणणार.

बेअरिंग केसिंगमध्ये ठोकायची नाहीत. आदल्या रात्री बेअरिंग पिशवीत घालून फ्रिजरमध्ये ठेवा. सकाळी केसिंग शेगडीवर तवा ठेवून त्यावर तापवा. थुंकीचा थेंब चर्र करून उडाला की पुरे. मग बेअरिंग वरून सोडलं की टक् असा आवाज करून स्वतःच बसतं. तो आवाज नीट आला नाही तर ते तिरकं बसलंय, काढून पुन्हा तापवा.

सीलच्या बाबतीत कंजुषी नको. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची पेटी हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल-हवा आधी तिथंच ओढली जाते. क्लचच्या बाजूचं सील गळलं की इंजिन गिअरबॉक्सचं तेल पितं आणि मागं पांढरा धूर सोडतं. डायनामोच्या बाजूचं गळलं की हवा आत येते, गाडी गरम होते, पिस्टन सिलिंडरला धरतो. दोन्ही सीलं नवी घाला, ओठावर तेलाचं बोट फिरवून.

बोअरिंगमध्ये, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठा करताना, मी स्वतः चूक केली ती सांगतो. मी फक्त सिलिंडर दिला आणि म्हटलं, पुढच्या साइजला बोअर करा. मग पिस्टन आणला तर फट फार मोठी. आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग तो सिलिंडरसोबत द्यायचा आणि पिस्टन मोजून बोअर करायला सांगायचं. मूळ बोअर ६५ मिलिमीटर, पुढं पाव-पाव मिलिमीटरनं साइज वाढत जाते. मी आता फट साधारण ०.०७ मिलिमीटर मागतो. एक साइज फुकट गेली, म्हणजे ह्या सिलिंडरच्या आयुष्यातला एक टप्पा मी नुसत्या घाईत खाल्ला.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सिलिंडरमध्ये घाला, पिस्टननंच आत ढकलून सरळ करा आणि तोंडांमधली फट फिलर गेजनं बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगची तोंडं तिच्यावरच यायला हवीत. नाहीतर सिलिंडर खाली सरकवताना कट् आवाज येतो, आणि त्या आवाजाची किंमत एक नवी रिंग. बाण असेल तर तो सायलेन्सरच्या बाजूला.

पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन घट्ट असते. घरातली इस्त्री उलटी धरून अडकवायची, तिच्यावर पिस्टन पालथा ठेवायचा, दहा मिनिटांत पिन बोटानं सरकते. (इस्त्री नंतर पुसून ठेवा. मी विसरलो होतो.) पिन निसटू न देणारी सर्क्लिप (तारेची कडी) घालताना क्रँकच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबाच. मी कोंबला नव्हता. सर्क्लिप पक्कडीतून सुटली, भिंतीवर आपटल्याचा आवाज आला नाही, म्हणजे ती कुठं गेली ते मला कळलं. लोहचुंबक तारेला बांधून पाऊण तास मासे पकडल्यासारखा बसलो होतो. आणि जुनी सर्क्लिप कधीच परत वापरू नये, अर्ध्या रुपयाची बचत सिलिंडर घेऊन जाते.

हेड बसवण्याआधीच ठिणगीचं टायमिंग करून टाका, तेव्हा पिस्टन डोळ्यासमोर असतो. पिस्टन सगळ्यात वर आणा, व्हर्नियरच्या शेपटीनं खोली मोजा, मग चाक उलटं फिरवून तीन ते साडेतीन मिलिमीटर खाली घ्या. नेमकं त्या जागी प्लॅटिनम पॉइंट (ते उघडले की ठिणगी पडते) उघडायला लागले पाहिजेत. पूर्ण उघडल्यावर त्यांची फट ०.४ मिलिमीटर. उघडण्याचा क्षण डोळ्यांना दिसत नाही. पॉइंटच्या दोन टोकांना सहा व्होल्टचा बल्ब जोडा आणि इग्निशन चालू ठेवा. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला राहतो, सुटले की पेटतो. मागावर आडवा धागा नेणारा धोटा कुठं सुटतो ते आम्ही कानानं ओळखतो, पण इथं मला बल्बच लागला.

ह्या जुन्या येझदीत ठिणगी बॅटरीवर चालते. बॅटरी मेली की गाडी मेली, कितीही किक मारा. त्यामुळे चालू होत नसेल तर कार्ब्युरेटर खोलायच्या आधी बॅटरी, मग अर्थची वायर जिथं चेसिसला लागते तिथला रंग खरवडा. नवा रंग दिलेल्या गाडीत हाच घोटाळा नेहमी असतो. ठिणगी पिवळी आणि मरगळलेली असेल आणि पॉइंट काळे पडत असतील तर कंडेन्सर बदला.

पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर भोक आहे. टाकीतला गंज काढायला मूठभर खडी घालून हलवली, मग गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड रात्रभर. सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच वाळवायची आणि आत तेल फिरवायचं, नाहीतर दुपारपर्यंत गंज परत हजर. रंगाबद्दल मी काही सांगत नाही. मामांना मरून हवा होता, मरून दिला.

पहिल्या किकेआधी गिअरबॉक्सला तेल, पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलिलिटर टू-टी ऑइल. कार्ब्युरेटरवरचं बटण पेट्रोल पाझरेपर्यंत दाबा. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. गाडी बेवारस सापडली तर किक कुठाय म्हणून लोक शोधत बसतात, ती ह्याच गाडीची गंमत. माझी चौदाव्या किकेला एकदा ढुस्स करून गेली. प्लग काढला तर ओला. पुसून, हवा घालवून परत लावला. तिसऱ्या किकेला दोन्ही सायलेन्सरमधून धूर, आणि गल्लीतली कुत्री पसार.

पाच मिनिटांत बंद करा. पूर्ण गार होऊ द्या आणि हेडचे नट आडवे-तिडवे परत आवळा. पहिले ५०० किलोमीटर चाळीसच्या वर नाही, चढाला जोर नाही, डबलसीट नाही. ५०० नंतर गिअरबॉक्सचं तेल काढून पांढऱ्या ताटलीत बघा. चमकणारी भुकटी चालेल, तुकडे दिसले तर परत उघडायचं.

डबलसीट नाही हे मामांना तीन वेळा सांगितलं. सध्या १८० किलोमीटर झालेत आणि त्यातले साठ तरी ते मागं बसून आलेत.