समुद्राचे आवाज मुलांना शिकवायचेत? फळा नंतर, आधी कान

मालवणकडच्या एका शाळेत मी आणि तिथले चित्रकलेचे सर मिळून नववीच्या मुलांना समुद्रातले आवाज शिकवतो, दोन वर्षं झाली, आता बाकीचे पण विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून हे लिहितोय.

पहिल्या वर्षी मी थेट फळ्यावर सूत्र लिहिलं, वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, आणि पंधरा मिनिटांत वर्ग हातचा गेला. नववीच्या पुस्तकात ध्वनीचा धडा असतोच ना, मुलांना वाटलं तोच परत. दुसऱ्या वर्षी ठरवलं, डोळे मिटायचे, तीस सेकंद ऐकायचं आणि ऐकलं ते कागदावर काढायचं, आवाज कसला ते मी सांगणार नाही.

जेटीखालचं रेकॉर्डिंग लावलं, नुसता तडतडाट. एका मुलीने पानभर ठिपके काढले, म्हणाली फोडणीत मोहरी तडतडते तसं वाटलं. तो आवाज एका छोट्या कोळंबीचा असतो, ती नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटल्याचा हा आवाज. मग लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, दाखवला तर ठिपक्यांऐवजी उभ्या रेघा! तिने लगेच विचारलं, रेघ का? कारण एका तडाख्यात बारीक-जाड सगळ्या वारंवारता एकदमच येतात. हे तिने स्वतः विचारलं म्हणून तिला कळलं, मी आधी सांगितलं असतं तर वहीत राहिलं असतं.

स्पेक्ट्रोग्राम काढायला आम्ही रांगोळीचा ठिपक्यांचा कागद वापरतो, आडवा वेळ, उभी वारंवारता, रंग जितका गडद तितका आवाज मोठा. डॉल्फिनची शिट्टी वर वळत जाणारी रेघ होते, ढोमा माशाचा ढबढब आवाज (त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा, घोळ माशात जिला बोत म्हणतात ती) खाली राहतो. सगळं रंगवून झालं की शेवटी बोटीच्या इंजिनचा करडा रंग खालच्या पट्ट्यात फिरवायला सांगा. ढोमा झाकला जातो, शिट्टी वर दिसत राहते. त्या क्षणी वर्ग गप्प होतो, माझा सगळ्यात आवडता तास हाच.

हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माइक, घरी बनतो, बझरमधली पिझो चकती (आवाजाच्या कंपनांची वीज करणारी), शिल्डेड वायर, वरून सगळीकडून एपॉक्सी. आधी बादलीत तपासा. वायर जेटीला आपटली तर फक्त ठकठक येते, म्हणून दोरीला सैल बांधा, आणि मुलांना नेण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघाच.

नवीन लोक एक चूक हमखास करतात, पाण्यातले डेसिबल हवेतल्याशी तसेच लावतात. संदर्भदाब (ज्याच्याशी तुलना करून डेसिबल काढतात तो दाब) वेगळा असतो, शिवाय पाण्यात तेवढ्याच तीव्रतेला दाबही जास्त असतो, म्हणून एकाच तीव्रतेच्या आवाजाला पाण्यातला आकडा सुमारे 62 ने जास्त येतो. तुलना करायची तर आधी हे वजा करा.

पाण्यातल्या आवाजाच्या वेगाचं म्हणाल तर 1826 ची जिनिव्हा सरोवरातली गोष्ट सांगा, एका होडीवरून पाण्यातली घंटा वाजवली, त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा उजेड केला, लांबच्या होडीवर कर्णा पाण्यात बुडवून ऐकलं, सेकंदाला साधारण 1435 मीटर आलं. हवेत 340 च्या आसपास.

ती गोष्ट ऐकून एक मुलगा म्हणाला, माझे आजो होडीच्या तळाला कान लावून ढोम्याचा थवा ओळखायचे. यंदा पहिला तास आजोच घेणारेत.