पावसाळ्यात सादळलेला पाइप: माझा अनुभव

जून उलटला की ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या घरात सगळंच सादळतं. पापड, मीठ, काडेपेटी. मग पाइपची तंबाखू कशी सुटेल? दर दोन मिनिटांनी पाइप विझायचा, दांडीत गुडगुड, वर जिभेला चटका. मी वैतागून जोरात ओढायचो, त्याने वाफ अजून गरम.

तंबाखू हवेतला ओलावा शोषते आणि जुलैत ठाण्यातली आर्द्रता सहज ९० टक्क्यांवर जाते. आधी कागदावर पसरून गॅलरीत सुकवायला ठेवली. शुद्ध मूर्खपणा! तासाभराने आणखी ओली.

जमलं ते असं. साठा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. एका वेळेपुरती काढून एसीच्या खोलीत ताटलीवर अर्धा तास. मग चिमटीत दाबून सोडायची: गोळा राहिला तर ओली, हळूच फुलली तर तयार, चुरा झाला तर जास्त सुकली. भरायचीही जरा सैल.

तरी गुडगुड आलीच तर पाइप क्लीनर (लवदार धागे गुंडाळलेली लवचिक तार) दांडीतून तसाच आत सरकवतो. गरम असताना दांडी उपसायची नाही, सांध्यात तुटते; माझा एक ब्रायरच्या लाकडाचा पाइप असाच गेला. (बायको म्हणते, सोडूनच दे. तिचं चुकत नाही.) ओढलेल्या पाइपला दोन-तीन दिवस सुट्टी, नाहीतर आत बुरशी धरते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पाइपच्या खोक्यात ठेवतो, बरणीत नाही. तिथे तंबाखूचा भुगा होतो.