अर्धांगवायूनंतर हाताला गेम खेळवताना: टीव्हीकडे नाही, खांद्याकडे बघा

गेम लावून दिला की लुळा हात आपोआप सुधारतो, असं ऐकून लोक मला फोन करतात. तसं होत नाही. २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’मध्ये एक मोठी चाचणी छापून आली. पक्षाघाताच्या १४१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचाराबरोबर निन्टेन्डो वी (हातातला रिमोट हलवून टीव्हीवर खेळायचं गेमचं यंत्र) दिला, बाकीच्यांना पत्ते, बिंगो, जेंगा (लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्याचा खेळ). सुधारणा दोन्ही गटांत झाली, वीवाले काही पुढे गेले नाहीत. मग मी गेम का वापरते? ‘हात वर, हात खाली’ला चौथ्या दिवशी वैतागणारा माणूस गेमसाठी रोज खुर्चीत येऊन बसतो, म्हणून.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः फिट येत असतील किंवा खांदा सांध्यातून खाली सरकलेला असेल तर. खुर्ची लाकडी, सरळ पाठीची आणि न हलणारी घ्या, प्लॅस्टिकची नको. तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत.

यंत्र जुनं चालेल. किनेक्ट हे यंत्र कॅमेऱ्याने शरीराची हालचाल टिपतं, त्यामुळे हातात काही धरावं लागत नाही, पण मदतनीस रुग्णाला चिकटून उभा राहिला की त्याचा कॅमेरा गोंधळतो. मी वीवरच्या ‘वी स्पोर्ट्स’ या गेममधल्या टेनिसने सुरुवात करते. त्यात खेळाडू आपोआप धावतो आणि फटक्यासाठी बटण दाबावं लागत नाही.

पकड नसेल तर रिमोट क्रेप बँडेजने तळहाताला बांधा. बोटांची टोकं उघडी ठेवा; ती गार किंवा निळसर पडली तर लगेच सोडा.

आता खरी अडचण. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक आजी होत्या, उजवा हात गेलेला. तीन आठवड्यांत त्या नातवाला हरवू लागल्या आणि मी टाळ्या वाजवत होते. एके दिवशी चहाचा कप पुढे ठेवला, तर हात जागचा हलेना. आजीच कमरेतून अख्ख्या पुढे झुकल्या. तीन आठवडे त्या पाठीला हिसका देऊन आणि मनगट झटकून गुण मिळवत होत्या. रिमोटला फक्त स्वतःला बसलेला झटका कळतो. तो खांद्याने दिला की कमरेने, याचं त्याला सोयरसुतक नाही. चुकीच्या हालचालीलाही तो शाबासकी देतो आणि शरीर तीच पाठ करतं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. एक, मऊ ओढणी काखेखालून छातीभोवती घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधते. श्वास मोकळा हवा आणि बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर बांधू नका, पाठीवर नुसता हात ठेवून बसा. दोन, समोरच्या टेबलावर पेला ठेवते. प्रत्येक फटक्याआधी कोपर सरळ करून पेल्याला हात लावायचा, मगच फटका. चेंडू सुटतात, सुटू द्या. तीन, स्कोअर दिसतो तिथे टीव्हीवर पुठ्ठा चिकटवते. ‘मला हरायला बसवलंय का?’ असं आजी चिडून म्हणाल्या होत्या. हो, पहिले काही दिवस हरायलाच.

‘आजी, जोरात मार!’ असं ओरडणाऱ्या नातवंडांना बाहेर पाठवा. ईर्ष्या चढली की कोपर आखडतं, मूठ आवळली जाते. तसं दिसलं की थांबा, हात मांडीवर सैल ठेवा, मग पुन्हा सुरू करा. हात खांद्याच्या रेषेपेक्षा वर नेऊ नका. रुग्णाला उठवताना त्या हाताला धरून ओढू तर मुळीच नका. दुखलं की त्या दिवसापुरता खेळ बंद. २००७ साली स्पेनमधल्या २९ वर्षांच्या एका धडधाकट डॉक्टरने वीवर तासन्‌तास टेनिस खेळून खांद्यामागचा स्नायू दुखावून घेतला होता. इथे तर खांदा आधीच कमजोर आहे.

दहा मिनिटं खेळ, पाच मिनिटं विसावा, पुन्हा दहा मिनिटं. पुरे.

दर रविवारी गेम न लावता मोजा: पाठ खुर्चीला टेकलेली ठेवून एका मिनिटात पेल्याला किती वेळा हात लागतो. आकडा वहीत लिहा आणि पुढच्या वेळी फिजिओला तीच वही दाखवा. आजींच्या वहीत पहिल्या रविवारी शून्य होतं.