हवामान केंद्र: उपकरणे नीट बसवण्यापासून नोंदी तपासण्यापर्यंत

हवामान केंद्राने तापमान 85 अंश सेल्सिअस दाखवले तर चूक कोणाच्याही लक्षात येते. पण 33.4 च्या जागी 34.6 दाखवले तर? असा आकडा बिनबोभाट साठत राहतो आणि एकदा सरासरीत मिसळला की वेगळा काढता येत नाही. अशा पटण्याजोग्या चुका बहुतेक वेळा जागेची निवड, जोडणी किंवा देखभाल यांतून येतात. त्यामुळे तपासणीचे नियम लिहायला बसण्याआधी केंद्राकडेच नीट पाहावे लागते.

जागा आणि उंची

तापमान व आर्द्रतेचे सेन्सर जमिनीपासून 1.25 ते 2 मीटर उंचीवर ठेवा. खाली आखूड, नैसर्गिक गवत हवे. जागतिक हवामान संघटनेच्या वर्गीकरणात पहिल्या वर्गाच्या जागेपासून काँक्रीट, इमारती, पाणी असे उष्णतेचे स्रोत 100 मीटर दूर असावे लागतात. दुसऱ्या वर्गासाठी हे अंतर 30 मीटर आहे, तिसऱ्यासाठी 10 मीटर. पहिल्या वर्गाची जागा क्वचितच मिळते. मिळाली नाही तर जागेचा खरा वर्ग नोंदवून ठेवा. गच्चीवर तापमापक लावून तो आकडा मोकळ्या मैदानाचा म्हणून देणे मात्र कधीही चालणार नाही.

वारा 10 मीटर उंचीवर मोजतात आणि आजूबाजूचा अडथळा स्वतःच्या उंचीच्या किमान 10 पट दूर हवा. 8 मीटरचे झाड असेल तर 80 मीटर. खांब 2 मीटरचाच असेल तर आखूड गवताच्या मोकळ्या मैदानावर तिथला वेग 10 मीटरवरील वेगाच्या साधारण 72 टक्के भरतो. हे गुणोत्तर जमिनीच्या खडबडीतपणानुसार बदलते. म्हणून मोजलेला वेग आहे तसा साठवा, रूपांतर वेगळ्या रकान्यात करा.

तापमान आणि आर्द्रता

पीटी-100 (विद्युत रोधावरून तापमान मोजणारा प्लॅटिनमचा सेन्सर) याचा रोध दर अंशाला सुमारे 0.385 ओहम वाढतो. दोन तारांनी जोडला तर केबलचा रोधही त्यात मिसळतो. जाऊन-येऊन 0.46 ओहम रोध असलेली केबल प्रत्येक आकडा 1.2 अंशांनी फुगवते, दिवसा आणि रात्रीही. चार तारांची जोडणी केली की हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी मोठी चूक उन्हाची. पंख्याविना चालणाऱ्या पांढऱ्या चकत्यांच्या आच्छादनात, कडक ऊन आणि पडलेला वारा एकत्र आले की तापमान एक-दोन अंश जास्त दिसू शकते. चकत्या पिवळट किंवा धुळकट झाल्या की आणखी. दर भेटीत त्या पाण्याने धुवा आणि आतली कोळ्याची जाळी काढा. पंख्याचे आच्छादन असेल तर पंख्याचे फेरे किंवा त्याला लागणारा विद्युतप्रवाहही लॉगरमध्ये (सेन्सरचे आकडे साठवणाऱ्या यंत्रात) नोंदवा. बंद पंख्याचे आच्छादन साध्या आच्छादनापेक्षाही वाईट असू शकते.

आर्द्रतेचा सेन्सर तपासायला साधे मीठ पुरते. बंद बरणीत तळाशी न विरघळलेले मीठ शिल्लक राहील इतका दाट घोळ करा आणि सेन्सर त्याच्या वर, पाण्याला न टेकता लटकवा. 20 ते 30 अंशांच्या दरम्यान आतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. काही तास थांबा, घाई केली तर तपासणी वाया जाते. सेन्सर आणि घोळ यांच्या तापमानात एका अंशाचा फरक असला तरी आकडा चार-पाच टक्क्यांनी चुकतो. म्हणून बरणी उन्हापासून आणि वाऱ्यापासून लांब ठेवा, शक्यतो जाड पेटीत.

पर्जन्यमापक

सर्वांत जास्त बिघडणारे आणि सर्वांत कमी तपासले जाणारे उपकरण हेच. हेलकावणाऱ्या बादलीच्या मापकात दोन छोट्या बादल्या आळीपाळीने भरून उलटतात आणि प्रत्येक उलटणे, म्हणजे हेलकावा, मोजला जातो. नरसाळे 200 मिलिमीटर व्यासाचे आणि प्रत्येक हेलकावा 0.2 मिलिमीटरचा असेल, तर एका हेलकाव्याला 6.28 मिलिलिटर पाणी लागते. तपासणी अशी करा:

1. नरसाळे, जाळी आणि दोन्ही बादल्या धुवा. तेलकट थर राहिला तर थेंब चिकटून राहतात.
2. पाणसळ ठेवून मापक दोन्ही दिशांनी समतल करा.
3. थोडे पाणी ओतून बादल्या ओल्या करून घ्या. कोरड्या बादलीचे पहिले हेलकावे मोजू नका.
4. 628 मिलिलिटर पाणी बारीक छिद्राच्या बाटलीतून सुमारे तासाभरात सोडा. ही 20 मिलिमीटर प्रतितास तीव्रता झाली. लॉगरमध्ये 100 हेलकावे यायला हवेत.
5. दोन-तीनपेक्षा जास्त फरक असेल तर बादलीखालचे थांबे (बादली ज्यांवर टेकते ते स्क्रू) फिरवा. थांबा वर गेला की बादली लवकर उलटते, म्हणजे हेलकावे वाढतात. दोन्ही बाजूंना सारखेच फिरवा आणि चौथी पायरी पुन्हा करा.
6. तपासणीतले हेलकावे पाऊस म्हणून साठवले जाणार नाहीत याची काळजी घ्या. तेवढ्या वेळेला खूण करा.

मुसळधार पावसात हे मापक कमी मोजते. 200 मिलिमीटर प्रतितास पावसात दर 3.6 सेकंदांनी बादली उलटते आणि उलटताना येणारे पाणी भरलेल्याच कप्प्यात पडत राहते. म्हणून जास्त तीव्रतेवरही तपासणी करून दुरुस्तीचा तक्ता बनवा.

नरसाळे तुंबल्याची खूण नोंदीत स्पष्ट दिसते. पाऊस थांबल्यानंतर तासन्तास ठरावीक अंतराने एकेक हेलकावा येत राहतो, कारण साचलेले पाणी छिद्रातून झिरपत असते. दिवसाची बेरीज जवळपास बरोबर, पण तीव्रता पूर्ण चुकीची. छिद्र पूर्ण बंद झाले तर आर्द्रता 98 टक्के, शेजारच्या केंद्रावर 40 मिलिमीटर आणि इथे शून्य. एकाच हेलकाव्याला सेकंदाच्या आत दोन स्पंद येत असतील तर हेलकावे मोजणारा चुंबकी स्विच थरथरतो आहे. लॉगरमध्ये किमान अंतराची अट घाला.

वारा आणि दाब

वातदिशादर्शकाचा शून्य खऱ्या उत्तरेकडे हवा, होकायंत्राच्या उत्तरेकडे नाही. दोहोंतला फरक ठिकाणानुसार बदलतो. स्थानिक सौर मध्यान्हाला, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असताना, ओळंब्याची सावली उत्तर-दक्षिण रेषा दाखवते. घड्याळातले बारा म्हणजे सौर मध्यान्ह नव्हे, ती वेळ त्या ठिकाणासाठी काढून घ्यावी लागते. आणि दिशेची सरासरी साधी बेरीज करून काढू नका: 350 आणि 10 अंशांची सरासरी उत्तर येते, 180 म्हणजे दक्षिण नव्हे. सदिश सरासरीच (प्रत्येक दिशा बाण मानून काढलेली) वापरा.

कप वेगमापकाचे बेअरिंग हळूहळू जड होते. जोराच्या वाऱ्यात ते कळत नाही. रात्रीच्या मंद वाऱ्याच्या वेळी "शांत" तासांची संख्या महिन्यागणिक वाढत असेल तर बेअरिंग बदला.

दाबासाठी सेन्सरची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरभराच्या अचूकतेने हवी. सखल भागात 8 मीटरला साधारण 1 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक) फरक पडतो. केंद्राच्या पातळीवरचा मूळ दाब कायम साठवा, समुद्रसपाटीला आणलेला दाब वेगळा.

नोंदींची चाचणी

लॉगरचे घड्याळ एकाच प्रमाणवेळेवर ठेवा, शक्यतो युटीसी (जागतिक प्रमाणवेळ). नोंदीची वेळ कालावधीच्या सुरुवातीची की शेवटची, हे लिहून ठेवा. इथली गल्लत सापडायला फार अवघड जाते. बॅटरीचा विद्युतदाबही (व्होल्टेज) प्रत्येक नोंदीसोबत साठवा. पहाटेच्या विचित्र आकड्यांचा उलगडा अनेकदा तिथेच होतो.

पहिली चाचणी मर्यादेची: आर्द्रता 0 ते 100, दाब 500 ते 1100 हेक्टोपास्कल. तापमानासाठी त्या ठिकाणाच्या महिन्यानुसार मर्यादा ठेवा, कारण जगभराची मर्यादा जवळजवळ काहीच पकडत नाही. मग उडीची चाचणी: एका मिनिटात तापमान 3 अंश, आर्द्रता 10 टक्के किंवा दाब 0.5 हेक्टोपास्कलपेक्षा जास्त बदलला तर आकडा संशयित. वादळाच्या तोंडावर खरेच इतकी घसरण होऊ शकते, त्यामुळे संशयित म्हणजे चुकीचा असे समजू नका. त्यानंतर गोठलेल्या आकड्याची चाचणी: तासाभरात तापमान किंवा दाब 0.1 नेही हलला नाही तर सेन्सर किंवा तार पाहा. 95 टक्क्यांवरची आर्द्रता मात्र या नियमातून वगळा, धुक्यात ती खरोखर स्थिर राहते.

सर्वांत जास्त चुका आपसातल्या ताळमेळातून सापडतात. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव बनू लागते तो) हवेच्या तापमानापेक्षा जास्त असू शकत नाही. वाऱ्याच्या झोताचा वेग सरासरी वेगापेक्षा कमी नसतो. लख्ख ऊन, आर्द्रता 35 टक्के आणि त्याच मिनिटात पाऊस, म्हणजे कोणीतरी मापक धुतले असावे. सौर प्रारणाच्या मापकाचे रात्रीचे किंचित उणे आकडे ही बिघाडाची खूण नाही. मूळ नोंदीत ते शून्य करू नका.

पावसासाठी शेजारच्या केंद्रांच्या संचित (सुरुवातीपासून साठत गेलेल्या) बेरजेसमोर आपली संचित बेरीज आलेखावर मांडा. रेषेचा उतार ज्या तारखेला मोडतो, त्या सुमारास केंद्रावर काय घडले ते भेटीच्या वहीत शोधा: झाड वाढले, मापक हलले, नरसाळे बदलले.

चाचणीत नापास झालेला आकडा पुसू नका, त्याला खूण लावा आणि मूळ फाइलला हात लावू नका. नसलेली नोंद रिकामी ठेवा. तिथे शून्य भरले की पावसाच्या बेरजेत खोटा कोरडा दिवस तयार होतो. सेन्सर बदलायचा असेल तर शक्य तितके दिवस जुना आणि नवा शेजारी-शेजारी चालवा, अनुक्रमांक व तारीख वहीत लिहा, आणि दोहोंतला फरक दिवस व रात्र वेगवेगळे करून काढा. आच्छादन बदलल्याचा परिणाम दिवसाच्या फरकात उठून दिसतो.