सर्व्हर हलका करताना मला नडलेली एक यादी

लिनक्स सर्व्हरवरचं अनावश्यक सॉफ्टवेअर काढण्याचं काम मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी मिळालं. त्यामागचं कारण मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. जे पॅकेज मशीनवर नाहीच, त्यातल्या त्रुटीतून कुणी आत शिरू शकत नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या डेटा-कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोर, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा, सापडलं. सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या मूळ ओपनएसएसएचला एक्सझेडची लायब्ररी लागतच नाही. काही डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वितरणांनी) सिस्टमडीसाठी, म्हणजे सर्व्हिसेस चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी, घातलेल्या पॅचमुळे ती तिथवर पोचली होती.

आता मी जिथे अडकलो ते नीट सांगतो. डेबियनच्या एका सर्व्हरवर कुणीतरी ग्नोम डेस्कटॉप टाकून ठेवला होता. मी तो पर्ज केला, म्हणजे सेटिंगसकट काढला, आणि मग उरलेली बिनकामाची पॅकेजेस काढणारं ऑटोरिमूव्ह चालवलं. समोर लांबलचक यादी आली, ती वरवर चाळून मी ‘हो’ म्हटलं. त्या यादीत नेटवर्कमॅनेजर होता. एखादं पॅकेज तुम्ही मागितलं होतं की दुसऱ्या पॅकेजपाठोपाठ आपोआप आलं, एवढीच नोंद एपीटी (डेबियनवर पॅकेजेस टाकणारं-काढणारं साधन) ठेवतं. नेटवर्कमॅनेजर डेस्कटॉपपाठोपाठ आला होता, म्हणून डेस्कटॉप गेल्यावर तोही बिनकामाचा ठरला. सर्व्हरचं नेटवर्क त्याच्याच जिवावर चाललंय, हे एपीटी तपासत नाही.

घात झाला तो पुढे. तो काढला तरी नेटवर्क कार्डावरचा आयपी तसाच राहिला. माझं एसएसएच सेशन तुटलं नाही, सगळं सुरळीत दिसलं आणि मी काम झाल्याचं कळवून टाकलं. नऊ दिवसांनी कर्नल अपडेटसाठी रीबूट केलं, तेव्हा सर्व्हर परत आलाच नाही. नऊ दिवसांपूर्वीच्या यादीचा आणि याचा संबंध आहे, हे कळायलाच अख्खी रात्र गेली.

म्हणून ऑटोरिमूव्ह आधी सिम्युलेट मोडमध्ये (प्रत्यक्षात काही न काढता) चालवा आणि यादीतली प्रत्येक ओळ वाचा. नेटवर्क, एसएसएच, टाइम सिंक आणि अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट टाकणारं) यांच्या पॅकेजना एपीटी-मार्कने मॅन्युअल, म्हणजे ‘मी मागितलेलं’, करून ठेवा. आणि काढाकाढी झाली की त्याच दिवशी, कन्सोल (नेटवर्क नसतानाही मशीनवर जायची वाट) हाताशी ठेवून, रीबूट करा. हे टाळणार असाल तर कृपया प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरला, हात लावू नका.

सर्व्हर सुरक्षित करून देणाऱ्या तयार हार्डनिंग स्क्रिप्टवर माझा विश्वास नाही. लिहिणाऱ्याला तुमचा सर्व्हर माहीत नसतो. ‘काढून टाक, काही होत नाही’ म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा ‘हे इथे कशाला आहे?’ असं विचारणारा सीनियर शोधा.

एवढं वाचून बिचकू नका. सुरुवात सोपी आहे: एक व्हर्च्युअल मशीन घ्या, स्नॅपशॉट काढा आणि कोणते पोर्ट ऐकताहेत ते एसएस कमांडने बघा. ६३१ वर कप्स (प्रिंटिंगची सर्व्हिस), ५३५३ वर अवाही (लोकल नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी) दिसू शकतात. प्रिंटर नसलेल्या सर्व्हरवर पहिलं नको, आणि दुसरंही बहुधा नकोच. आरपीसीबाइंडची (एनएफएस या नेटवर्क फाइल-शेअरिंगला लागू शकणारी) सर्व्हिस डिसेबल करूनही १११ हा पोर्ट उघडाच दिसला तर गोंधळू नका, तिच्यासाठी पोर्ट उघडून ठेवणारं सॉकेट युनिट चालू राहिलेलं असतं. एनएफएस वापरात नाही याची खात्री करून सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही मास्क करा (म्हणजे ती सुरूच होऊ शकणार नाहीत), रीबूट करा आणि पोर्ट पुन्हा बघा.