ज्वारीला पाणी देताना बघायचं आभाळ

आमच्या परभणीकडं जानेवारीत रात्रीची लाईट असली की रानात जावंच लागतं. मोटार सुरू झाली की बॅटरी विझवा, वीस मिनिटं मोबाईल खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावतात. अमावस्येचे दिवस सगळ्यात चांगले.

नऊच्या सुमाराला तिकांडं शोधा, म्हणजे एका ओळीतले तीन तारे. ओळ खाली वाढवली की लखलखता व्याध, वर वाढवली की तांबूस रोहिणी, पुढं कृत्तिकांचा झुबका. तिकांड्याजवळच, जरा दक्षिणेला, साध्या दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसतो. माझा सगळा जीव त्याच्यावर! सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूरच्या त्या तेजोमेघात, म्हणजे वायू-धुळीच्या ढगात, आजही तारे जन्मतात.

अगस्त्य हा तारा अकराच्या सुमाराला दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेला झाडी नसलेला बांध धरा.